९४२२ आणि ९८२२ : सरकारी मोबाइल सात वर्षं उशिरा का आला?

प्रश्न असा आहे: वडिलांचा जुना मोबाइल नंबर ९४२२ने सुरू होतो आणि काकांचा ९८२२ने. देशभरातल्या तारा सरकारच्या, एक्स्चेंज सरकारची, मग सरकारी कंपनीचा मोबाइल सगळ्यांच्या मागून का आला? आणि आल्यावर सिमसाठी रांगा लागल्या होत्या, तरी पुढे ती मागे का पडली?

माझी नोकरी टेलिफोन खात्यात गेली. खात्याचं निगम झालं तेव्हा मी तिथेच होतो. सुरुवातीला एक्स्चेंज सांभाळली, नंतर ट्रान्समिशन. आमच्यात त्याला ‘मीडिया’ म्हणतात, म्हणजे एका गावाहून दुसऱ्या गावापर्यंत कॉल वाहून नेणारी ऑप्टिकल फायबर, मायक्रोवेव्ह वगैरे. बीएसएनएलचा मोबाइल आला तेव्हा टॉवरला मीडिया द्यायचं काम माझ्याकडे होतं. त्यामुळे सविस्तर लिहितो, आणि तुमच्या घरातल्या नंबरांपासूनच सुरू करतो.

९८ हे आकडे मोबाइलच्या पहिल्या पिढीचे. त्यापुढच्या दोन आकड्यांवरून सर्कल, म्हणजे परवान्यासाठी पाडलेला विभाग, आणि कंपनी कळायची. ९८२० म्हणजे मुंबईत हचिसन मॅक्स, ९८२१ म्हणजे मुंबईतच बीपीएल. मुंबई वगळून उरलेल्या महाराष्ट्रात आणि गोव्यात ९८२२ बिर्ला एटी अँड टीकडे (पुढे तिचीच आयडिया झाली) आणि ९८२३ बीपीएलकडे. दिल्लीत ९८१० एअरटेल, ९८११ एस्सार. हे नंबर दोन-दोनच्या जोडीनं येतात ते उगाच नाही. सरकारनं प्रत्येक ठिकाणी दोनच कंपन्यांना परवाना दिला होता, आणि त्या दोघांत सरकारचं स्वतःचं टेलिफोन खातं कुठेच नव्हतं.

का नव्हतं, हे समजायला १९९१-९२कडे जावं लागतं. तेव्हा देशभरात मिळून साधारण पन्नास लाख टेलिफोन होते. घरात फोन हवा असेल तर अर्ज करून वर्षानुवर्षं थांबायचं. ‘नंबर लागला’ हा शब्दप्रयोग त्याच काळाचा. तिजोरीत परकीय चलन नव्हतं आणि मोबाइलची सगळी यंत्रसामग्री बाहेरून आणायची होती. गावाला एक सार्वजनिक फोन देता येत नाही अशा अवस्थेत श्रीमंतांच्या खिशातल्या फोनवर सरकारनं पैसे घालावेत, हे कुणालाच पटण्यासारखं नव्हतं. म्हणून मोबाइल आणि पेजर या ‘मूल्यवर्धित सेवा’ ठरवून १९९२ मध्ये खासगी कंपन्यांसाठी खुल्या केल्या. सुरुवात चार महानगरांपासून. तो निर्णय त्या क्षणी वाजवी होता, असं मला आजही वाटतं. चूक झाली ती पुढे, तो वेळेवर न बदलण्यात.

निविदा निघाल्या आणि लगेच कोर्टकज्जे सुरू झाले. बाद झालेल्या कंपन्या न्यायालयात गेल्या. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल जुलै १९९४ मध्ये लागला. ‘टाटा सेल्युलर विरुद्ध भारत सरकार’ हा तो निकाल. सरकारी कंत्राटात न्यायालयानं कितपत हात घालावा, या मुद्द्यावर वकील आजही त्याचा दाखला देतात. त्यानंतर परवाने मिळाले. ३१ जुलै १९९५ रोजी कोलकात्यात मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी रायटर्स बिल्डिंगमधून दिल्लीत दूरसंचारमंत्री सुखराम यांना पहिला मोबाइल कॉल लावला. कंपनी होती मोदी टेल्स्ट्रा, भारतातला मोदी समूह आणि ऑस्ट्रेलियाची टेल्स्ट्रा यांची.

त्या काळी बोलण्याचा कमाल दर गर्दीच्या वेळी मिनिटाला १६ रुपये ८० पैसे होता, एरवी ८ रुपये ४० पैसे. आलेल्या कॉलचेही पैसे पडायचे. आजच्या मुलांना हे खरं वाटत नाही, पण त्यामागे हिशेब होता. लँडलाइनवरून कुणी मोबाइलला फोन लावला की त्याचे पैसे टेलिफोन खात्याच्या खिशात जायचे, मोबाइल कंपनीला त्यातलं काही मिळत नसे. कॉल शेवटपर्यंत हवेतून पोहोचवण्याचा खर्च मग कंपनी फोन घेणाऱ्याकडून वसूल करायची. त्यामुळे लोक फोन वाजला की नंबर बघून तो कापायचे आणि जवळच्या पीसीओवरून उलट फोन करायचे. मिस्ड कॉलची सवय आपल्याला तिथून लागली.

महानगरांनंतर राज्यांच्या सर्कलचे परवाने निघाले. इथे कंपन्यांनी भल्यामोठ्या बोली लावल्या. परवाना शुल्क ठरावीक होतं, म्हणजे ग्राहक हजार मिळोत की लाख, सरकारला तेवढी रक्कम द्यायचीच. असा बोजा डोक्यावर असेल तर टॉवर कुठे उभा राहणार? जिथे खिसा जड आहे तिथे. मोठी शहरं, औद्योगिक वसाहती, त्यांना जोडणारे हमरस्ते. परवान्यातली अटही तशी सैलच होती: तीन वर्षांत निम्मी जिल्हा मुख्यालयं झाकली की भागत होतं. तालुक्याचा त्यात उल्लेखही नव्हता. पुण्याहून निघालेल्या माणसाचा फोन घाट उतरला की मुका व्हायचा आणि पुढच्या मोठ्या शहरात जागा व्हायचा.

तरीही कंपन्यांना शुल्क झेपेना. थकबाक्या वाढल्या. १९९७ मध्ये ट्राय, म्हणजे दूरसंचार नियामक, स्थापन झाली. एमटीएनएलला, म्हणजे मुंबई-दिल्लीचे टेलिफोन चालवणाऱ्या सरकारी कंपनीला, मोबाइलमध्ये उतरू द्यायचं की नाही, हा वाद नियामकापासून न्यायालयापर्यंत गेला. दोनच कंपन्या ठेवण्याच्या बोलीवर आम्ही एवढे पैसे मोजले, आता सरकारच तिसरा गडी उतरवतंय, ही खासगी कंपन्यांची तक्रार होती. ती अगदीच निराधार नव्हती. परवाना देणारं, नियम करणारं, तारा भाड्यानं देणारं आणि आता स्पर्धेत उतरू पाहणारं, सगळं एकच खातं. पंचानंच बॅट घेऊन मैदानात यावं, तसं ते झालं असतं.

सुटका केली ती १९९९च्या नव्या दूरसंचार धोरणानं. ठरावीक शुल्काऐवजी उत्पन्नातला वाटा घ्यायचं ठरलं, आणि त्याच धोरणात सरकारी कंपन्या तिसऱ्या सेवादात्या म्हणून येतील हेही लिहिलं गेलं. म्हणजे खासगी कंपन्यांना शुल्कातून सूट मिळाली आणि सरकारी कंपनीला दार उघडलं. मग खात्यातून सेवा देण्याचं काम वेगळं काढलं गेलं आणि १ ऑक्टोबर २००० रोजी भारत संचार निगम लिमिटेड, म्हणजे बीएसएनएल, कामाला लागली. एका रात्रीत आम्ही सरकारी कर्मचाऱ्यांचे निगमाचे कर्मचारी झालो. निवृत्तिवेतनाचं काय, या धास्तीनं आदल्याच महिन्यात संप झाला होता. त्या गडबडीत मोबाइलच्या निविदा, जागा, माणसं हे सगळं जमवायचं होतं.

एमटीएनएलनं मुंबई आणि दिल्लीत २००१ मध्ये ‘डॉल्फिन’ नावानं मोबाइल आणला. मुंबईचे ९८६९चे नंबर ते. बीएसएनएलचा ‘सेलवन’ १९ ऑक्टोबर २००२ रोजी लखनौमध्ये पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या हस्ते सुरू झाला. कोलकात्याच्या त्या पहिल्या कॉलनंतर सात वर्षं आणि ऐंशी दिवसांनी. बीएसएनएलला ९४ची मालिका मिळाली, आणि महाराष्ट्रात पहिली आली ती ९४२२. तुमच्या वडिलांचा नंबर त्या पहिल्या लाटेतला आहे.

आता ज्या भागाबद्दल मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे तो. सात वर्षं मागून येऊन बीएसएनएल तालुक्यातालुक्यात इतक्या झपाट्यानं कशी पोहोचली? लोक म्हणतात, सरकारचा पैसा. पैसा होताच. पण खरं भांडवल आधीच गावात पडून होतं.

मोबाइलच्या टॉवरला लोखंडाशिवाय चार गोष्टी लागतात: जागा, न जाणारी वीज, मीडिया आणि राखणारा माणूस. टेलिफोन एक्स्चेंज उणे ४८ व्होल्टवर चालतं. दोन-दोन व्होल्टचे चोवीस सेल एका ओळीत जोडलेले, त्यांना सतत चार्ज करणारा पॉवर प्लँट, शेजारी डिझेल जनरेटर. गावात अंधार असला तरी एक्स्चेंजमध्ये लाल-हिरवे दिवे लुकलुकत असायचे ते त्या बॅटऱ्यांवर. आमच्याकडे आलेल्या बीटीएसना, म्हणजे टॉवरखालच्या रेडिओ कपाटांना, नेमका हाच उणे ४८ व्होल्टचा पुरवठा लागायचा. तालुक्यापर्यंत फायबर नव्वदीच्या दशकातच पोहोचली होती, कारण एसटीडीसाठी ती लागत होती. खासगी कंपनीला जमीनमालक शोधणं, करार, विजेचा मीटर, लिंक अशा सगळ्या खेपा घालाव्या लागायच्या. आम्ही मात्र एक्स्चेंजच्या आवारात पाया खणायला सुरुवात करायचो.

२००३ मधली एक रात्र मला स्पष्ट आठवते. सह्याद्रीच्या पायथ्याशी एक तालुक्याचं ठिकाण. वरच्या खोलीत बीटीएसचं कपाट, फायबरच्या यंत्रावरून ओढलेली दोन एमबीची जोडणी, आणि लॅपटॉपवर एकेक रेडिओ जागा करत बसलेला कमिशनिंगचा मुलगा. साडेनऊच्या सुमारास हँडसेटवर दांड्या दिसल्या. चाचणीचं सिम होतं. तिथल्या लाइनमननं हँडसेट मागून घेतला आणि स्वतःच्या घरचा लँडलाइन नंबर फिरवला. आवाराच्या पलीकडच्या कडेला त्याचं क्वार्टर होतं. हँडसेटमध्ये रिंग ऐकू आली आणि त्याच क्षणी खिडकीतून, अंधारातून, खरी घंटा वाजलेली आम्ही सगळ्यांनी ऐकली. त्याच्या बायकोनं फोन उचलला आणि विचारलं, “कुठून बोलताय?” तो म्हणाला, “वरच्या खोलीतून.”

तो कॉल शंभर पावलांवर गेला, पण कसा? हँडसेटमधून टॉवरला, तिथून फायबरवरून घाट चढून शहरातल्या एमएससीला, म्हणजे मोबाइलच्या मुख्य एक्स्चेंजला, एमएससीनं नंबर ओळखून तो लँडलाइनच्या जाळ्यात दिला, त्याच फायबरवरून पुन्हा घाट उतरून तो खालच्या मजल्यावरच्या एक्स्चेंजला आला, आणि शेवटची शंभर पावलं तांब्याच्या जोडीवरून चालला. हवेतला प्रवास फक्त वरच्या खोलीपासून गच्चीवरच्या अँटेनापर्यंतचा. बाकी सगळा जुन्या खात्यानं आधी पेरून ठेवलेला रस्ता. टॉवर डोळ्यांना दिसतो म्हणून लोक त्यालाच मोबाइल समजतात. त्या रात्री तिथे असलेल्या कुणाला तसं वाटलं नसतं.

क्षमतेचंही सांगतो, कारण ‘नेटवर्क बिझी’चं मूळ त्यात आहे. सुरुवातीच्या आमच्या साइट बहुतेक ‘दोन-दोन-दोन’च्या. तीन दिशा आणि प्रत्येक दिशेला दोन रेडिओ. जीएसएममध्ये, म्हणजे आमच्या मोबाइलच्या तंत्रात, एका रेडिओवर आठ फट्या असतात, त्याला टाइमस्लॉट म्हणतात. एका दिशेच्या सोळा फट्यांतल्या साधारण दोन नियंत्रणात जायच्या, चौदा बोलायला उरायच्या. म्हणजे पूर्ण टॉवरवर एका वेळी बेचाळीस माणसं बोलू शकत. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी तालुक्यात त्रेचाळिसाव्यानं बटण दाबलं की त्याला बीप-बीप ऐकू यायचं. ग्राहक आमच्यावर चिडायचे आणि त्यांचं काही चुकत नव्हतं.

दुसरा फायदा लहरींचा, म्हणजे स्पेक्ट्रमचा, होता. तिसरा सेवादाता म्हणून बीएसएनएलला ९०० मेगाहर्ट्झ मिळालं. २००१च्या लिलावातून आलेल्या चौथ्या कंपन्यांना १८०० मिळालं. ९०० दूर जातं आणि झाडीतून, भिंतीतून जास्त आत शिरतं. डोंगराळ भागात हा फरक कानाला कळायचा. जीएसएमची वेळेची गणितं टॉवरपासून सुमारे पस्तीस किलोमीटरपर्यंतच जुळतात. त्यापुढे सिग्नल दिसला तरी कॉल लागत नाही. किनाऱ्यावरच्या उंच साइटवरून मोकळ्या समुद्राकडे ती पुरी हद्द वापरता यायची, आणि मासेमारीच्या होड्यांवर फोन लागायला लागले.

२००३ हे वर्ष ग्राहकांसाठी सगळ्यात मोठं. कंपन्यांनी एकमेकांना कॉल पोहोचवण्याचे पैसे द्यायचे अशी आंतरजोडणी शुल्काची पद्धत आली आणि येणारे कॉल फुकट झाले. याचं श्रेय एकट्या बीएसएनएलला देणं बरोबर नाही. डिसेंबर २००२ मध्ये रिलायन्सनं सीडीएमए या वेगळ्या तंत्राचे फोन घेऊन दरयुद्ध छेडलं होतं. त्यांचे नंबर ९३चे, टाटांचे ९२चे. पण देशभर टॉवर असलेला सरकारी गडी स्पर्धेत असताना दर चढे ठेवणं कुणालाच शक्य नव्हतं, हेही खरं. त्याच वर्षी काश्मीर खोऱ्यात पहिल्यांदा मोबाइल सुरू झाला, तोही बीएसएनएलचा. ऑक्टोबर २००४ मध्ये देशातल्या मोबाइलची संख्या लँडलाइनच्या पुढे गेली. १ मार्च २००६ला बीएसएनएल आणि एमटीएनएलनं ‘वन इंडिया’ योजना आणली: देशात कुठेही मिनिटाला एक रुपया. ज्यांनी रात्री अकरानंतर पाव दर लागतो म्हणून पीसीओबाहेर घड्याळाकडे बघत रांग लावली आहे, त्यांना त्या एक रुपयाचा अर्थ कळेल. अंतरावर पैसे आकारायची शंभर वर्षांची रीतच मोडली.

आता मागे का पडली ते. माझं मत: ग्राहक कमी पडले नाहीत, उपकरणं वेळेवर आली नाहीत. २००६ मध्ये साडेचार कोटींहून जास्त लाइनची, म्हणजे तेवढ्या ग्राहकांना पुरेल इतक्या यंत्रसामग्रीची, निविदा काढली होती. बाद झालेली एक कंपनी न्यायालयात गेली, मग मंत्रालयात दरांवर घासाघीस झाली, शेवटी ऑर्डर निम्म्यावर आली. त्यानंतर ९ कोटी ३० लाख लाइनची निविदा निघाली आणि ती २०१० मध्ये रद्दच झाली. ही नेमकी ती वर्षं, जेव्हा देशात महिन्याला एक कोटीहून जास्त नवे ग्राहक येत होते. टॉवर होते, फायबर होती, माणसं होती, फक्त रेडिओची कपाटं नव्हती. बेचाळीस जणांच्या टॉवरवर दुप्पट-तिप्पट गर्दी झाली की ग्राहक किती दिवस थांबणार? आमच्या काउंटरवरची माणसं सिम नाकारायची, तेव्हा समोरच्या चेहऱ्याकडे बघवत नसे.

आकडे बोलके आहेत. २००४-०५ मध्ये बीएसएनएलचा नफा दहा हजार कोटींच्या पुढे होता. २००९-१० मध्ये पहिला तोटा झाला, सुमारे १,८२३ कोटींचा. त्याच सुमारास थ्रीजी आणि ब्रॉडबँडच्या लहरींसाठी तिला साडेअठरा हजार कोटी मोजावे लागले. लिलावात तिनं बोलीही लावली नव्हती. लहरी आधी हाती दिल्या आणि खासगी कंपन्यांनी लिलावात जी किंमत ठरवली ती नंतर भरायला लावली. जमवलेली गंगाजळी त्यात गेली. गावातली लँडलाइन तोट्यात चालते म्हणून खासगी कंपन्यांकडून मिळणारी भरपाई २००८ पर्यंत बंद होत आली होती, पण लँडलाइन चालवायची जबाबदारी तशीच राहिली. लाखोंच्या संख्येनं आलेल्या कर्मचाऱ्यांचा पगारही होता.

एक गोष्ट फारशी कुणाच्या लक्षात येत नाही. बीएसएनएलला आपण राष्ट्रीय कंपनी म्हणतो, पण मुंबई आणि दिल्ली तिच्याकडे नव्हती, ती एमटीएनएलकडे. सगळ्यात जास्त बोलणारी आणि सगळ्यात जास्त बिल भरणारी दोन शहरं वगळून बाकीचा देश सांभाळायचा, असा तो संसार होता. ९४२२वाला मुंबईत गेला की एमटीएनएलच्या जाळ्यावर पाहुणा. या दोन कंपन्या सुरुवातीलाच एक केल्या असत्या तर चित्र वेगळं दिसलं असतं, हे मी नोकरीत असतानाही म्हणत होतो.

फोरजीची कथा याच मालिकेतली. इतर कंपन्यांचं फोरजी गावोगाव पोहोचलं तरी बीएसएनएलकडे ते नव्हतं. २०१९च्या पुनरुज्जीवन योजनेत लहरी द्यायचं ठरलं आणि स्वेच्छानिवृत्तीही आली. ३१ जानेवारी २०२० रोजी एका दिवसात सुमारे अठ्ठ्याहत्तर हजार माणसं बाहेर पडली. आमच्या विभागात त्या संध्याकाळी किल्ल्या कुणाकडे द्यायच्या असा प्रश्न पडला होता. उपकरणं परदेशातून आणायची नाहीत असं ठरल्यावर टीसीएस, तेजस या कंपन्या आणि सी-डॉट ही सरकारी संशोधन संस्था यांनी मिळून देशी फोरजी बनवलं. २७ सप्टेंबर २०२५ रोजी ओडिशातल्या झारसुगुडा इथून त्याचं लोकार्पण झालं, सुमारे साडेसत्त्याण्णव हजार टॉवरांसह.

तुमच्या नंबरांविषयी शेवटचं. जानेवारी २०११ पासून देशभर नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते, त्यामुळे आज ९४२२वाला कुठल्याही कंपनीचा ग्राहक असू शकतो आणि काकांचा ९८२२ बीएसएनएलवरही असेल. आकडे आता फक्त जन्म कुठला ते सांगतात.

आणि सिग्नल अजिबातच नसलेली गावं कुणाच्या वाट्याला आली म्हणाल, तर २०२२ मध्ये सरकारनं अशा २४,६८० गावांत फोरजी द्यायचं काम २६,३१६ कोटी रुपये मंजूर करून बीएसएनएलकडेच दिलं. माझ्या हाताखाली शिकलेला एक जण सध्या अशाच साइटवर आहे. तिथे विजेचा भरवसा नाही म्हणून सौर पॅनेल लावले आहेत. मागच्या महिन्यात त्यानं खोलीतला फोटो पाठवला. कपाट नवं, कंपनीचं नाव देशी, आणि मीटरवर आकडा तोच, उणे ४८.